पुंगळीची साक्ष

५ सप्टेंबर २०१७ रोजी रात्री आठच्या सुमारास बंगळुरूच्या राजराजेश्वरीनगरात पत्रकार गौरी लंकेश घरी परतल्या आणि दारातच त्यांच्यावर चार गोळ्या झाडण्यात आल्या. तीन लागल्या. मारेकरी मोटारसायकलवरून पसार झाले आणि जागेवर उरला तो ७.६५ मिलिमीटरचा मुद्देमाल, म्हणजे गोळ्या आणि रिकाम्या पुंगळ्या. तो बंगळुरूतल्याच मडिवाळच्या राज्य न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळेत गेला. काही दिवसांतच वर्तमानपत्रांत बातमी झळकली की दोन वर्षांपूर्वी धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी यांचा जीव घेणारे पिस्तूल हेच असावे. मे २०१८च्या अखेरीस कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने पहिले दोषारोपपत्र दाखल केले, तेव्हा त्याला जोडलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच होते: दोन्ही खुनांत एकच गावठी पिस्तूल वापरले गेले. ते पिस्तूल तपासणाऱ्यांपुढे नव्हते. पुंगळीशेजारी पुंगळी ठेवून, दोन्हींवरचे ओरखडे पाहून हा निष्कर्ष काढलेला होता.

महाराष्ट्रात या बातमीला आधीचा इतिहास होता. कलबुर्गींच्या खुनानंतर याच प्रयोगशाळेने दोन राज्यांतले तीन खून एकमेकांना जोडणारा अहवाल दिला होता. त्यानुसार कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर दोन पिस्तुलांतून गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांतले एक पुढे धारवाडला कलबुर्गींवर चालले आणि दुसरे त्याआधी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर चालले होते. गौरी लंकेश यांच्या घराशी मिळालेल्या पुंगळ्या कलबुर्गींच्या पुंगळ्यांशी जुळल्या तेव्हा या साखळीला चौथी कडी लागली. खटल्यांचा निकाल काय लागावा याविषयी हा लेख नाही. प्रश्न साखळीच्या मजबुतीचा आहे. २०१३ ते २०१७ या काळात या पुंगळ्यांवरून न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला, पण तो बहुतेक सगळा कोणत्या प्रयोगशाळेचे खरे मानायचे याचा होता. ओरखडे जुळवण्याची ही पद्धत मुळात किती वेळा चुकते, हे विचारलेच गेले नाही. त्या एका प्रश्नाअभावी तपासाचे जितके नुकसान झाले तितके दोन अहवालांतल्या विसंगतीनेही झाले नसेल, असे मला वाटते.

घटनाक्रम पुण्यापासून लावावा लागतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकर फिरायला निघाले असताना दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते; त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांत त्या कायद्याचा अध्यादेश निघाला. सरकारवर आणि पोलिसांवर दडपण केवढे होते, हे यावरून कळते. त्याच सुमारास ठाणे पोलिसांनी खंडणीच्या एका प्रकरणात दोन शस्त्रविक्रेत्यांना पकडले होते. त्यांच्याशी संबंधित एक पिस्तूल मुंबईतल्या कलिन्याच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. दाभोलकरांवर झाडलेल्या गोळ्यांशी त्याची जुळणी झाली असे पोलिसांनी सांगितले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या दोघांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. नव्वद दिवस उलटले तरी दोषारोपपत्र दाखल झाले नाही आणि दोघे जामिनावर सुटले. मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. पुढे ज्यांच्यावर खटला चालला ते आरोपी निराळेच होते, आणि खटल्यात मांडलेली शस्त्रांची हकिगतही निराळी होती.

या पहिल्या जुळणीकडे नंतर फारसे कोणी वळून पाहिले नाही. वास्तविक तिथेच थांबायला हवे होते. सीबीआयने उभी केलेली गोष्ट खरी असेल तर पुण्यातल्या गोळ्या आणि ठाण्यातले पिस्तूल यांचा जोडलेला संबंध खोटा ठरतो. तो संबंध खरा असेल तर सीबीआयची गोष्ट डळमळते. दोन्ही एकदम खरे असायचे तर त्या पिस्तुलाने थोड्या काळात बराच प्रवास केला आणि बरेच मालक बदलले, असे मानावे लागते. एखाद्या रुग्णालयात रक्तगटाचा असा घोळ झाला असता तर चौकशी बसली असती. इथे मात्र जुळणी देणारी पद्धत तशीच राहिली आणि वाद आरोपींच्या नावांकडे सरकला.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापूरच्या सागरमाळ भागात गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळीबार झाला. चार दिवसांनी, २० फेब्रुवारीला, पानसरे मुंबईत वारले. ३० ऑगस्टला सकाळी धारवाडच्या कल्याणनगरात कलबुर्गींच्या दारावर कोणी तरी थाप दिली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कलबुर्गी शिलालेखांचे आणि वचन साहित्याचे अभ्यासक, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू. तिन्ही खुनांत मोटारसायकल, सकाळची वेळ, ज्येष्ठ वयाचा आणि विचारांसाठी ओळखला जाणारा माणूस, आणि ७.६५ मिलिमीटरची काडतुसे. हे साम्य डोळ्यांत भरणारे होते, पण त्यातला शेवटचा भाग वाटतो तेवढा बोलका नाही. ७.६५ म्हणजेच .३२ बोअर. हे माप भारतात परवान्यावर मिळणाऱ्या पिस्तुलांचे, म्हणून त्याची काडतुसे सहज मिळतात आणि म्हणून गावठी कट्टे बनवणारेही तेच धरून नळी घडवतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निघालेल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात, आणि तसली पुंगळी देशात कुठल्याही गोळीबाराच्या जागी सापडू शकते. केवळ मापावरून दोन खून जोडता येत नाहीत. जोड सिद्ध करायची तर सूक्ष्मदर्शकाखालच्या ओरखड्यांवरच यावे लागते.

बंगळुरूच्या प्रयोगशाळेने ते ओरखडे पाहून साखळी मांडली. मुंबईच्या प्रयोगशाळेचे निष्कर्ष तिच्याशी जुळेनात. दाभोलकर आणि पानसरे यांच्या कुटुंबीयांच्या याचिकांवर उच्च न्यायालय तपासावर देखरेख ठेवत होते, आणि २०१६ मध्ये सीबीआयने तिथे सांगितले की दोन प्रयोगशाळांच्या मतांत फरक असल्याने सगळा मुद्देमाल लंडनला स्कॉटलंड यार्डकडे पाठवून तिसरे मत घेतले जाईल. महिने गेले. तारखांवर तारखा पडल्या, अहवाल यायचा आहे एवढेच न्यायालयाला ऐकू येत राहिले. अखेर दोन देशांमध्ये असल्या मदतीसाठी आवश्यक ती कायदेशीर व्यवस्था नसल्याचे कारण पुढे आले आणि मुद्देमाल गुजरातच्या, अहमदाबादच्या प्रयोगशाळेकडे न्यायचे ठरले. दरम्यान जवळजवळ एक वर्ष सरले होते. गौरी लंकेश यांचा खून याच्या पुढच्या काही महिन्यांतला.

स्कॉटलंड यार्डचे नाव निघाले यात मला एक मानसिकता दिसते. दोन पंचांचे पटेना तर तिसरा, अधिक मानाचा पंच आणायचा. पण लंडनचा परीक्षकही तोच सूक्ष्मदर्शक वापरतो, तसलेच ओरखडे पाहतो आणि शेवटी आपल्याला पटले की नाही हेच सांगतो. तिसऱ्याचे मत पहिल्याशी जुळले तर पहिला बरोबर होता हे सिद्ध होत नाही, दोघांचे मत एक आहे एवढेच सिद्ध होते. त्यातून दुसरा कुठे आणि का चुकला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी असे होण्याची शक्यता किती, हे तर मुळीच कळत नाही.

पद्धतीची घडण समजून घ्यायला होसूर रस्त्यावर मडिवाळहून आणखी दक्षिणेला जावे, बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत. तिथल्या छोट्या कारखान्यांतल्या कोणाही लेथवाल्याला विचारा, हत्यार धातूवर आपली खूण सोडते हे तो सांगेल. हत्याराच्या धारेला कुठे टवका उडाला असेल तर तो बदलेपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक नगावर तीच रेघ उमटते. शस्त्रपरीक्षेचा सगळा पाया या अनुभवात आहे. नळीच्या आत गोळीला गिरकी देण्यासाठी पीळदार खाचा कापलेल्या असतात. त्यांचे ओरखडे गोळीवर उठतात. घोडा दाबला की पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि खळगा पडतो, स्फोटाच्या धक्क्याने पुंगळी मागच्या पोलादी भिंतीवर दाबली जाते आणि त्या भिंतीचा पोत तिच्यावर छापला जातो, बाहेर फेकली जाताना आणखी दोन ओरखडे मिळतात. दोन पुंगळ्या जोड-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवल्या की एकाच दृष्टिक्षेपात दोघींचे अर्धे-अर्धे चित्र दिसते आणि रेघा जुळतात का ते पाहता येते. आणि अडचणही त्याच लेथवाल्याच्या अनुभवात आहे. टवका उडालेल्या हत्याराने एकामागून एक काढलेल्या दहा नगांवर एकसारखी रेघ असेल, तर ती रेघ पाहून नग कोणता हे सांगता येणार नाही, फक्त खेप कोणती ते सांगता येईल. परीक्षकाला दर वेळी ठरवावे लागते की दिसणारे साम्य एकाच पिस्तुलाचे आहे की एकाच अवजाराने घडलेल्या अनेक पिस्तुलांचे. हे ठरवण्याचा आकड्यातला निकष नाही. अमेरिकेतल्या शस्त्रपरीक्षकांची संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली आणि १९९२ मध्ये तिने आपला सिद्धांत लिहून काढला. त्याचा गाभा असा की साम्य 'पुरेसे' असले की ओळख पटली म्हणावे. पुरेसे म्हणजे किती, हे अनुभवी परीक्षकाच्या नजरेवर सोडलेले आहे.

ही विद्या चुकीच्या निकालातून जन्मली हे तिच्या अभिमान्यांनीही विसरू नये. १९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात चार्ल्स स्टीलो नावाच्या शेतमजुराला दुहेरी खुनाबद्दल मृत्युदंड झाला, कारण अल्बर्ट हॅमिल्टन नावाच्या स्वयंघोषित तज्ज्ञाने गोळ्यांवर त्याच्याच रिव्हॉल्व्हरच्या खुणा आहेत असे छातीठोकपणे सांगितले. फेरतपासणीत गोळ्या आणि ते रिव्हॉल्व्हर यांचा मेळ बसेना आणि १९१८ मध्ये स्टीलोची सुटका झाली. त्या चौकशीत असलेल्या चार्ल्स वेटने देशोदेशीच्या शस्त्रांची मोजमापे गोळा करायला घेतली, त्याच्याबरोबर कॅल्व्हिन गोडार्ड आणि फिलिप ग्रॅव्हेल आले, आणि १९२०च्या दशकात जोड-सूक्ष्मदर्शक या कामाला लागला. शिकागोतल्या १९२९ च्या टोळीहत्याकांडाने गोडार्डचे नाव घरोघरी पोचवले. भारतात ही परीक्षा न्यायालयात लवकरच रुळली. गांधीहत्येच्या खटल्यात ६०६८२४ क्रमांकाच्या बेरेटा पिस्तुलाविषयी पंजाबातल्या फिल्लौरच्या वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या संचालकांची साक्ष झाली होती. तिथे मारेकरी शस्त्रासह जागीच पकडलेला, त्यामुळे साक्षीवर भार थोडा. तिची खरी कसोटी शस्त्र सापडलेले नसताना आणि आरोपी अज्ञात असताना लागते. १९५८ मध्ये मुंबईत न्यायसहायक प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढच्या साठ वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य खटल्यांत तिचे अहवाल आले. तिथल्या परीक्षकांनी किती वेळा चुकीची जुळणी दिली, याची जाहीर मोजणी मात्र कधी झाली नाही. आणि याबाबतीत मडिवाळ, अहमदाबाद किंवा लंडन यांना कलिन्याहून वेगळे काढायला माझ्याजवळ कारण नाही.

मोजणी होऊ शकते, हे अमेरिकेने उशिरा का होईना दाखवले, तेही ठेच लागल्यावर. २००८ मध्ये डेट्रॉइट पोलिसांची प्रयोगशाळा बंद करावी लागली, कारण शस्त्रपरीक्षेची दोनशे प्रकरणे पुन्हा तपासली तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत चूक निघाली. अलाबामातल्या अँथनी रे हिंटन याला दोन खुनांसाठी फाशीची शिक्षा झाली होती. वस्तुरूप पुरावा म्हणजे त्याच्या आईच्या रिव्हॉल्व्हरशी जुळवलेल्या सहा गोळ्या. पुढच्या तज्ज्ञांना ती जुळणी करता आली नाही आणि २०१५ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी, तो सुटला. २००९ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने आणि २०१६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे स्कॉटलंड यार्डची चर्चा चालू होती त्याच वर्षी, राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने या पद्धतीची झडती घेतली. 'पुरेसे साम्य' ही व्याख्या स्वतःभोवतीच फिरते, असे मंडळाने स्पष्ट म्हटले. त्यांच्या मते योग्य रीतीने आखलेला एकच अभ्यास तेव्हा उपलब्ध होता, एम्स प्रयोगशाळेचा. त्यात २१८ परीक्षकांना खरे उत्तर न सांगता पुंगळ्या दिल्या होत्या. वेगवेगळ्या पिस्तुलांच्या २,१७८ जोड्यांपैकी २२ वेळा परीक्षकांनी 'एकच शस्त्र' असे चुकून सांगितले आणि ७३५ वेळा 'निश्चित सांगता येत नाही' असा शेरा दिला. आता टक्केवारी कशी काढायची? न सांगता आलेल्या जोड्या जमेस धरल्या तर चूक एक टक्का. ठाम मत दिलेल्यांपुरते पाहिले तर ६६ मध्ये एक, आणि नमुना लहान असल्याने ४६ मध्ये एक इतकी असण्याची शक्यता. आणि उत्तर ठरलेले असताना 'सांगता येत नाही' हीही चूक मानली तर तिसऱ्या भागाहून जास्त. तिसरा हिशेब मला कडक वाटतो, कारण गप्प राहणे आणि खोटी ओळख देणे यांत निष्पापाच्या दृष्टीने फार अंतर आहे. पण पहिला हिशेबही फसवा आहे. अवघड प्रश्न सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याला त्या प्रश्नांचेही गुण देण्यासारखे ते होईल. आणखी एक गोष्ट आकड्यांत दडलेली होती: २२ पैकी २० चुका पाच जणांनीच केल्या होत्या. म्हणजे पद्धतीइतकाच प्रश्न परीक्षक कोण हा आहे, आणि परीक्षा घेतल्याशिवाय ते पाच जण ओळखू येत नाहीत.

नंतरच्या, १७३ परीक्षकांच्या मोठ्या अभ्यासात खोट्या जुळणीचे प्रमाण गोळ्यांसाठी ०.६५६ आणि पुंगळ्यांसाठी ०.९३३ टक्के निघाले. हे आकडे पद्धत भंगारात काढण्याजोगे नाहीत, हे आधी मान्य करावे. नाणे उडवल्यासारखे हे काम नाही. जाणकार नजर बरेच काही ओळखते. तरीही ते आकडे उचलून धारवाड आणि कोल्हापूरच्या पुंगळ्यांना लावता येत नाहीत. दोन्ही अभ्यासांतली शस्त्रे रुगर, बेरेटा, हिमेनेझ अशी कारखान्यात बनलेली ९ मिलिमीटरची होती आणि पुंगळ्या-गोळ्या प्रयोगासाठी मुद्दाम झाडलेल्या होत्या. आपल्याकडचे शस्त्र गावठी. एका बाजूने ते परीक्षकाच्या फायद्याचे आहे: हाताने, कानस चालवून घडवलेली दोन पिस्तुले हुबेहूब सारखी निघणे कठीण. दुसऱ्या बाजूने, असल्या पिस्तुलाचे भाग ढिले, पोलाद हलके, नळीत कधी खाचा असतात, कधी नसतात, आणि एकाच पिस्तुलाच्या दोन फैरींतही पिन निराळ्या जागी आपटू शकते. मग एकाच शस्त्राच्या दोन पुंगळ्या परक्या वाटतात. यांतली कोणती बाजू किती वरचढ ठरते, हे तर्काने सांगण्यासारखे नाही. शंभर कट्टे घेऊन झाडून पाहावे लागतील. शिवाय शस्त्र हाती असले की प्रयोगशाळा त्यातून दहा फैरी झाडून त्याच्या खुणा किती स्थिर आहेत ते पाहते. या चार खुनांच्या साखळीत ती सोय नव्हती. पुंगळी पुंगळीशी ताडून पाहायची, आणि दोन घटनांमध्ये महिने-वर्षे गेलेली असताना शस्त्र घासले-पुसले गेले असेल तर तेही गृहीत धरायचे. मुंबई आणि बंगळुरू यांचे मतभेद व्हावेत यात मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे की हा मतभेद एखाद्या संस्थेचा कमीपणा मानला गेला, अवघड वस्तूविषयीची माहिती मानला गेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बंगळुरूची साखळी शेवटी खरीच ठरली ना? त्यात तथ्य आहे. कर्नाटकच्या पथकाने २०१८ मध्ये धागे जुळवत नेले, त्यांवरून महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने ऑगस्टमध्ये नालासोपाऱ्यात छापा घातला, तिथून दाभोलकर खटल्यातले दोन मुख्य आरोपी मिळाले, आणि १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्या दोघांना जन्मठेप दिली. तिघे निर्दोष सुटले. कलबुर्गींचा तपास सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये गौरी लंकेश प्रकरणाच्याच पथकाकडे दिला. चारही गुन्हे एकमेकांत गुंतलेले आहेत ही दिशा त्या ओरखड्यांनी दाखवली, हे श्रेय मडिवाळच्या परीक्षकांना द्यायलाच हवे. पण दिशा दाखवणे निराळे आणि दोष सिद्ध करणे निराळे. पुण्यातला निकाल प्रामुख्याने प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर उभा राहिला. आणि एका ठिकाणी उत्तर बरोबर आले म्हणून पद्धतीची चूक मोजली जात नाही. तसे मानायचे तर त्याच पद्धतीने ठाण्याचे पिस्तूल पुण्याला जोडले होते, हेही हिशेबात धरावे लागेल.

दुसरा आक्षेप वकील मंडळींचा असतो: तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नाही, उलटतपासणी आहेच. कागदावर हे खरे. जेसिका लाल खटल्यात दोन शस्त्रांच्या शक्यतेवरून तज्ज्ञाचे मत केवढे वादग्रस्त ठरले, अगदी त्याच्यावर खोट्या साक्षीचा ठपका ठेवला जाण्यापर्यंत (तो सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दूर केला), हे आपण पाहिले. पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ने सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेण्याची मुभा दिली होती आणि नव्या संहितेत ती कायम आहे. शिवाय अटक, कोठडी आणि जामीन यांचे निर्णय उलटतपासणीच्या कितीतरी आधी होतात. जानेवारी २०१४ मध्ये झालेल्या त्या दोन अटका खटल्यापर्यंत पोचल्याच नाहीत, त्यामुळे त्यांच्यामागची जुळणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी तपासली गेली नाही. तिसरा आक्षेप अधिक भावनेचा आणि म्हणून अधिक जड आहे. अशी शंका काढल्याने विवेकवाद्यांच्या मारेकऱ्यांचे फावते. मला उलट वाटते. मोजमाप नसलेले 'हेच पिस्तूल' हे विधान दुसऱ्या प्रयोगशाळेच्या एका वाक्याने कोसळते, आणि बचावाच्या वकिलाला तेवढेच हवे असते. 'अशा शस्त्रांबाबत आमची चूक शंभरात इतकी, आणि या जोडीत आम्ही खात्री या पायरीपर्यंत देऊ शकतो' हे विधान दुसऱ्या प्रयोगशाळेने साशंक मत दिले तरी उभे राहते.

शस्त्राचा शोध पुढेही चालला. आरोपींनी पिस्तुले मोडून खाडीत टाकल्याचे सीबीआयचे म्हणणे होते, आणि परदेशी यंत्रणा आणून घेतलेल्या शोधात मार्च २०२०च्या सुमारास ठाण्याच्या खाडीतून एक पिस्तूल वर काढल्याचे जाहीर झाले. ती धडपड समजण्याजोगी आहे, पण दीड-दोन वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या पोलादावर सूक्ष्मदर्शकाला हवी असलेली नक्षी किती उरणार? केसाहून बारीक रेघा गंजाला पहिल्या बळी पडतात. इतका खर्च आणि इतके कष्ट शस्त्र मिळवण्यावर झाले, त्याचा लहानसा अंशही परीक्षकांची परीक्षा घेण्यावर झाला नाही.

आता तर या विद्येवरचा भार वाढला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाणे आवश्यक केले आहे; राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. देशातल्या न्यायसहायक प्रयोगशाळांत मंजूर पदांपैकी सुमारे ४० टक्के रिकामी असल्याचे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासगटाने नोंदवले आहे. कामाचा डोंगर आणि हात थोडे असले की अहवाल आखूड होतात आणि 'जुळते' या एका शब्दावर आटोपतात. अमेरिकेत मेरिलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की परीक्षकाने 'ही गोळी याच पिस्तुलातून सुटली' असे बिनशर्त सांगू नये; पुरावा तेवढे बोलू देत नाही. तीन न्यायाधीशांचे मत उलट पडले, म्हणजे तिथेही वाद मिटलेला नाही. पण तिथला वाद आकड्यांवर चालतो.

आपल्याकडे तसे आकडे मिळवायला लंडनशी कराराची गरज नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या पोलिसांच्या मुद्देमाल खोल्यांत निकाल लागलेल्या खटल्यांतले गावठी कट्टे पडून आहेत, त्यांतले बरेच पुढे नष्टच केले जातात. त्यापूर्वी प्रत्येकातून खडकीची काही काडतुसे झाडून पुंगळ्यांवर सांकेतिक क्रमांक घालायचे आणि कलिना, मडिवाळ व अहमदाबाद इथल्या परीक्षकांकडे नेहमीच्या प्रकरणांत मिसळून, ही चाचणी आहे हे न कळू देता, पाठवायचे. उत्तरपत्रिका चौथ्या कोणाकडे ठेवायची. २०१६ साली उच्च न्यायालयाने हा आदेश दिला असता तर दोन अहवालांतला कोणता धरावा याचे उत्तर त्याला कदाचित लगेच मिळाले नसते, पण दोन्हींना किती वजन द्यावे हे गौरी लंकेश यांच्या दारातल्या पुंगळ्या मडिवाळला पोचण्याआधी माहीत झाले असते.